बाबांची सपाट पृथ्वी आणि खालची तार

बाबांना पृथ्वी सपाट वाटायला लागली, हा विषय आमच्या घरात जवळजवळ दोन वर्षं चालला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये प्रभादेवीतल्या एका गच्चीवर संपला. निदान आमच्यापुरता तरी संपला. मधल्या काळात तिघीचौघींचे मला फोन आले, "आमच्याकडेही असंच काहीतरी चाललंय गं, काय करू?" एकीचा भाऊ होता, एकीच्या सासूबाई होत्या. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे सविस्तर लिहितेय, तारखा आणि खर्चासकट.

आई मार्च 2023 मध्ये गेली. बाबा दादरला चाळीत एकटे, मी मुलुंडला. बाबांचं वय 71. महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात 34 वर्षं सर्व्हेअर होते. अर्ध्या मुंबईच्या गटारांना उतार किती आणि कुठे, हे त्यांना तोंडपाठ. आई गेल्यावर ते रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लागले. नोव्हेंबरमध्ये तिथल्याच एका ओळखीच्या काकांनी त्यांना रविवारच्या "अभ्यासवर्गाला" नेलं.

मला कळलं ते जानेवारी 2024 मध्ये, संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा. आईचं कालनिर्णय जिथे असायचं त्या खिळ्यावर एक गोल नकाशा टांगलेला. मध्यभागी उत्तर ध्रुव आणि कडेने सगळीकडे बर्फाची भिंत.

"बाबा, हे काय?"

"नकाशा."

"कसला?"

"आहे तसा."

मग चहा घेता घेता त्यांनी समजावून सांगितलं. पृथ्वी सपाट आहे. आयुष्यभर लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावली, हजारो वेळा स्टाफ (समोर उभी धरलेली आकड्यांची पट्टी) वाचला, वक्रतेसाठी एक मिलिमीटरही कधी वजा करावा लागला नाही. "पाणी सपाट असतं बाळ. मी बघितलंय."

त्यानंतरचे दोन महिने मी जे केलं ते तुम्ही करू नका. रोज रात्री त्यांना उपग्रहाचे फोटो पाठवत होते, व्हिडिओ पाठवत होते. भाऊ पुण्याहून फोनवर हसायचा. बाबांनी दोघांशी बोलणं "जेवलात का, झोपलात का" एवढ्यावर आणलं. माणूस घरातल्यांपासून जितका तुटतो तितका तो त्या गटात आत जातो, हे मला तेव्हा कळलं नाही. शेवटी मार्चमध्ये मी पाठवणं बंद केलं आणि जूनमध्ये विचारलं, "मी येऊ का तुमच्या वर्गाला?"

16 जून 2024, रविवार, सकाळी साडेआठ. दादर स्टेशनजवळचं उडुपी हॉटेल, आतली दोन टेबलं जोडलेली. बाबा धरून अकरा जण. महिना 200 रुपये वर्गणी, त्यात चहा आणि इडली. हजेरीची वही होती, टिपणांची वही वेगळी. भिंतीला पाठ लावून बसायचे ते "सर". त्यांच्या उजवीकडे जुने, डावीकडे नवे. नव्यांनी विचारायचं, जुन्यांनी सांगायचं, सरांनी शेवटी मान डोलवायची. मी नवीन, म्हणून मला डावीकडे टोकाला खुर्ची मिळाली आणि कुणीतरी न विचारता माझ्यासमोर गरम वडा सरकवला. ही माणसं प्रेमळ होती. बाबांचा वाढदिवस त्यांना माहीत होता, आईचं वर्षश्राद्ध कधी झालं हेही माहीत होतं. श्राद्धाच्या दिवशी त्यांच्यातले दोघे सकाळपासून चाळीत येऊन बसले होते, हे मला तिथे बसल्यावर समजलं. मी स्वतः दुपारी पोचले होते.

वर्गात दोन पक्ष होते. घुमटवाले म्हणायचे, पृथ्वीवर काचेसारखा घुमट आहे आणि सूर्य-चंद्र त्याच्या आत फिरतात. पठारवाल्यांच्या मते घुमट वगैरे काही नाही, बर्फाच्या पलीकडे जमीन अनंत पसरलेली आहे. दोन्हीकडचे एकमेकांच्या ताटातली चटणी घ्यायचे आणि एकमेकांना "अजून कच्चे आहेत" म्हणायचे. गोल पृथ्वी मानणाऱ्यांवर कुणाचाच राग नव्हता. पठारवाल्यांचा खरा राग घुमटवाल्यांवर आणि घुमटवाल्यांचा पठारवाल्यांवर.

बाबा कुठल्याच पक्षात नव्हते, पण त्या पावसाळ्यात त्यांनी भाबडेपणाने एक प्रश्न विचारला. "घुमट असेल तर पावसाचं पाणी बाहेर जातं कुठून? आउटफॉल कुठे दिलाय? उतार किती?" गटारांचा माणूस दुसरं काय विचारणार? यावर तीन रविवार गेले. घुमटवाल्या काकांनी कडेला चर असल्याचं सांगितलं. बाबांनी चराची रुंदी विचारली. पठारवाले म्हणाले, म्हणूनच आम्ही सांगतो की घुमट नाही. मग कुणीतरी दादरच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं हे काढलं आणि सगळे, अगदी सरसुद्धा, एकदम त्यावरच बोलायला लागले. तासभर दोन्ही पक्षांचं पूर्ण एकमत होतं. बाबा कागदावर नाला काढून दाखवत होते आणि त्यांच्याभोवती दहा डोकी वाकलेली. आई गेल्यानंतर इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की बाबांना या समजुतीतून बाहेर काढायचं, पण या टेबलावरून उठवायचं नाही.

पुढचे सहा महिने मी महिन्यातून एकदा जात राहिले. कुणाशी वाद घातला नाही, कामाची माणसं ओळखून घेतली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांची मुलगी-जावई सिडनीला. एकदा बसस्टॉपवर ते हळूच म्हणाले, "डिसेंबरमध्ये तिथे उन्हाळा असतो हो. सूर्य आग्नेयेकडे उगवतो, नैर्ऋत्येकडे मावळतो. नकाशावर ते बसत नाही. पण वर्गात विचारलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल." पंचविशीतल्या एका मुलाने 2023 च्या कोजागिरीच्या खंडग्रास चंद्रग्रहणाबद्दल विचारलं होतं, सावलीची कड गोल का? त्याला पंधरा दिवस व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं होतं. निवृत्त नर्स असलेल्या एका ताईंना घुमटाला जोड कसा दिला असेल याची काळजी. प्रत्येकाच्या खिशात एकेक शंका होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की शंका फक्त आपल्यालाच आहे, बाकी सगळे पक्के आहेत. तुमच्या माणसाच्या गटात गेलात तर हॉटेलच्या आत बोलू नका, बसस्टॉपवर बोला.

मग डिसेंबर 2024 उजाडला. कोलोरॅडोतला पाद्री विल डफी काही गोल पृथ्वीवाल्यांना आणि काही सपाट पृथ्वीवाल्यांना घेऊन अंटार्क्टिकाला गेला. तिथे उन्हाळ्यात सूर्य चोवीस तास मावळत नाही. सपाट पृथ्वीच्या नकाशावर ते जमूच शकत नाही, म्हणून सपाटवाले ते नाकारत आले होते. जेरन कॅम्पनेला हा त्यांच्यातला मोठा प्रचारक. तो गेला, त्याने सूर्य बघितला आणि कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की चोवीस तासांचा सूर्य खरा आहे, मी चुकलो होतो. त्याच्याच चाहत्यांनी त्याला फितूर ठरवलं.

आमच्या वर्गात त्याचे व्हिडिओ दर महिन्याला दाखवले जायचे. पुढच्या रविवारी टिपणांची वही आली तेव्हा त्याचं नाव जिथे जिथे होतं तिथे व्हाइटनर लावलेला होता. दोन्ही पक्षांचं मिळून काम, घुमटवाल्यांनी लावला आणि पठारवाल्यांनी वाळवला. वही फिरत फिरत बाबांकडे आली. बाबांनी त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला, नखाने थोडा खरवडला आणि वही पुढे न देता समोर ठेवून दिली.

घरी जाताना म्हणाले, "फील्ड बुकात खोडरबर चालत नाही. रीडिंग चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. पहिल्या दिवशी शिकवतात." बाकी काही बोलले नाहीत.

ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर धडपडले ती व्हाइटनरच्या एका डागाने झाली. माणूस ज्या कामात आयुष्यभर प्रामाणिक राहिला, त्या कामाच्या नियमाला धक्का लागला की तो आपणहून थांबतो.

जानेवारीत एका रात्री अकराला त्यांचा फोन आला. "बॅकसाइट आणि फोरसाइट सारख्या अंतरावर का ठेवतो आम्ही?" (बॅकसाइट म्हणजे यंत्राच्या मागच्या स्टाफवरचं रीडिंग, फोरसाइट म्हणजे पुढच्या.) मी म्हटलं, तुम्हीच सांगा. "यंत्राची चूक कटते म्हणून. आणि वक्रतेची पण कटते." बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. "पुस्तकात आहे. मी पोरांना शिकवलंय. 60 मीटरवर वक्रता पाव मिलिमीटरच्या आसपास येते गं. स्टाफवर ती दिसणारच नाही. आणि सारखी अंतरं ठेवली की उरलेलीही जाते. मला ती दिसली नाही, कारण मीच ती काढत होतो."

मोजायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी सुचवलं असतं तर ते माझं झालं असतं.

त्यांची कल्पना सोपी होती. सपाटवाले म्हणतात, कितीही वर चढा, क्षितिज डोळ्याच्या पातळीलाच राहतं. लेव्हलच्या दुर्बिणीत तीन आडव्या तारा असतात. मधली तार म्हणजे अचूक आडवी रेषा, वर आणि खाली स्टेडियाच्या, म्हणजे अंतर काढायच्या दोन तारा. पृथ्वी सपाट असेल तर समुद्राचं क्षितिज सगळीकडून मधल्या तारेवर यायला हवं. गोल असेल तर जितकं वर जाऊ तितकं ते मधल्या तारेच्या खाली सरकेल. बाबांनी वहीत गणित मांडलं. वक्रता आणि वातावरणातलं प्रकाशाचं वाकणं मिळून 0.0673 गुणिले किलोमीटरचा वर्ग, उत्तर मीटरमध्ये. चौपाटीवर डोळा समुद्रापासून पाच मीटर वर धरला तर क्षितिज मधल्या आणि खालच्या तारेतल्या अंतराच्या साधारण पाव भागावर. 40 मीटरवर दोनतृतीयांश. 95 मीटरवर बरोब्बर खालच्या तारेवर.

वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा कुणी पैज लावायची कल्पना काढली. बाबा नको म्हणाले आणि त्यांनी वॉलेसची गोष्ट सांगितली. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ, तरुणपणी जमिनीची मोजणी करायचा. 1870 मध्ये जॉन हॅम्पडन नावाच्या सपाटवाल्याने 500 पौंडांची पैज लावली, वॉलेसने इंग्लंडमधल्या ओल्ड बेडफर्ड नावाच्या कालव्यावर वक्रता दाखवून ती जिंकली. हॅम्पडनने निकाल मानला नाही आणि पुढे कित्येक वर्षं वॉलेसला आणि त्याच्या बायकोला पत्रं लिहून छळलं. कोर्टकचेऱ्यांत जिंकल्यापेक्षा जास्त पैसे गेले. "पैज लावली की हरणाऱ्याला बघताच येत नाही," बाबा म्हणाले. सरांनी मान डोलावली.

पहिला प्रयत्न 9 फेब्रुवारी 2025, दादर चौपाटी. ऑटो लेव्हल भाड्याने, दिवसाला 700 रुपये, 5000 डिपॉझिट, आधारची प्रत. टॅक्सी 240. सगळे अकरा जण सातला हजर. आणि समोर राखाडी पडदा, क्षितिजच नाही. हिवाळ्यातल्या मुंबईच्या हवेत समुद्र आणि आकाश कुठे मिळतात ते दिसत नाही. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी पावसाळा संपताना, आदल्या दिवशी सर पडून गेल्यावर करा. आमचे 940 रुपये गेले, पण नर्स ताईंनी थालीपीठं आणली होती, सगळे दहापर्यंत कट्ट्यावर बसलो.

मग परवानगी. माझा मामेभाऊ प्रभादेवीला एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहतो. इमारत तीस मजली, गच्ची समुद्रापासून साधारण 95 मीटर. मार्चमध्ये मी सोसायटीला अर्ज दिला आणि विषयात "सर्वेक्षणासाठी" असं लिहिलं. दोन दिवसांत मामेभावाला तीन फोन. कमिटीला वाटलं महापालिकेकडून कुणीतरी बांधकाम मोजायला येतंय. तेव्हा शब्द जपून वापरा. दुसरा अर्ज "समुद्राचे क्षितिज पाहण्यासाठी (वैयक्तिक)" असा दिला. मार्चच्या बैठकीत विषय आला नाही, एप्रिलच्या बैठकीला कोरम नव्हता, मेपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पुढे पाऊस. सप्टेंबरअखेर पत्र मिळालं. अटी: सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, एका वेळी आठच माणसं, वॉचमन सोबत, कठड्याजवळ जायचं नाही. स्टॅम्प पेपर 500 रुपयांचा लागतो, शंभरचा ऑक्टोबर 2024 पासून बंद झालाय. नोटरी 200, झेरॉक्स 90.

आठच माणसं म्हटल्यावर वर्गात मोठी खळबळ. बाबा आणि मी धरून सहा जागा उरत होत्या. घुमटवाल्यांना तीन, पठारवाल्यांना तीन, यावर एकमत झालं, पण कोणते तीन? आणि सर कुठल्या पक्षात मोजायचे? दोन रविवार यावर गेले. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि त्या हॉटेलातल्या पाणी देणाऱ्या मुलाने उचलल्या. सरांची चिठ्ठी आली नाही. ते बाराव्या मजल्यावरून बघतो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

बाबांनी एक अट घातली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी लिहायचं. त्यांनी वहीत आपले तीन आकडे लिहिले. दोन्ही पक्षांनी तिन्ही जागांसाठी "मधली तार" असं लिहिलं. अकरा सह्या झाल्या. खोडाखोड नाही.

12 ऑक्टोबर 2025, रविवार. पहाटे साडेपाचला चाळीमागच्या गल्लीत बाबांनी टू पेग टेस्ट केली, म्हणजे यंत्र स्वतः खरं बोलतंय का ते तपासलं. खडूच्या दोन खुणा 60 मीटरवर, फरक दोन मिलिमीटर. "एवढं चालतं." चौपाटीवर हवा धुतल्यासारखी होती. क्षितिज मधल्या तारेच्या किंचित खाली. पठारवाले काका म्हणाले, लाटांमुळे असेल. बाबा हो म्हणाले आणि वहीत "पाव" लिहिलं.

बाराव्या मजल्यावर मामेभावाच्या बाल्कनीत रांग लागली. प्रत्येकाला एक मिनिट. क्षितिज दोनतृतीयांश खाली उतरलेलं. सरांनी डोळा लावला, काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. कुणी काही बोललं नाही, फक्त वहिनी सगळ्यांना चहा देत फिरत होती.

गच्चीवर वारा होता. बाबांनी ट्रायपॉडचे पाय दाबून रोवले, खाली वाकून तिन्ही स्क्रू फिरवले. हात थोडे थरथरत होते. यंत्र आडवं झाल्याचं दाखवणारा बुडबुडा मध्ये आल्यावर त्यांनी आधी स्वतः बघितलं नाही, घुमटवाल्या काकांना बोलावलं. काका बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "तुमची लेव्हल कललीय." बाबांनी शांतपणे बुडबुडा मुद्दाम बिघडवला आणि म्हणाले, "तुम्ही लावा." काकांनी कधी यंत्राला हात लावला नव्हता. बाबा शेजारी उभं राहून सांगत होते, दोन्ही अंगठे आत, आता तिसरा, हळू. दहा मिनिटं लागली. बुडबुडा गोलात बसला. काकांनी पुन्हा डोळा लावला. निळ्या पाण्याची कड खालच्या तारेवर, सुतासारखी.

"दिसलं," काका म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

मग मी बघितलं. माझ्या बाबांनी पेन्सिलने मांडलेला आकडा समोर समुद्रावर पडलेला दिसत होता. मला रडू आलं.

खाली नाश्त्याच्या वेळी वही फिरली. नऊ सह्या झाल्या. बँकवाल्या काकांनी सही करून शेजारी "सिडनी" असं लिहिलं. दोन रकाने कोरे राहिले, एक घुमटवाल्या काकांचा. दुसरे गृहस्थ म्हणाले, प्रकाश वाकतो म्हणून क्षितिज खाली दिसतं. बाबांनी त्यांना समजावलं की प्रकाशाच्या वाकण्याने क्षितिज उलट वर उचललं जातं, ते नसतं तर 0.0673 च्या जागी 0.0785 आलं असतं आणि क्षितिज आणखी खाली गेलं असतं. गृहस्थ म्हणाले विचार करतो. बाबा म्हणाले, सावकाश करा.

दोन वेळचं भाडं, दोन वेळची टॅक्सी, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि शेवटच्या दिवशीचा सगळ्यांचा नाश्ता मिळून 4200 रुपये झाले. डिपॉझिट त्याच संध्याकाळी परत मिळालं. वेळ मात्र वर्षांत मोजावा लागला, आणि मला वाटतं तो लागतोच. 1954 मध्ये लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शिकागोजवळचा एक गट आत शिरून अभ्यासला होता. 21 डिसेंबरला प्रलय येणार असं ते मानत होते. प्रलय आला नाही, तर एकत्र बसून वाट पाहणाऱ्यांची श्रद्धा वाढली आणि आपापल्या घरी एकटे बसलेल्यांची गळून पडली, असं त्याने लिहिलंय. मला आमच्या या प्रयोगाची धास्ती होती ती त्यामुळेच. पण बाबांचं ते टेबल सुटायला नको होतं, म्हणून गच्चीवरून उतरताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, पुढच्या रविवारी जायचं हं, चुकवायचं नाही.

ते गेले. पुढचा रविवार दिवाळीतलाच होता. आठ जण आले होते. नकाशा कुणी आणला नव्हता, टिपणांची वहीही नव्हती. नर्स ताईंनी गुडघेदुखीचा विषय काढला, तो पुरला. सरांच्या उजव्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

भाऊबीजेला मी दादरला गेले तेव्हा बाबा डबा भरत होते. चकली, शंकरपाळे, माझ्या हातचे बेसनाचे लाडू. घुमटवाल्या काकांकडे परळला निघाले होते. मीही सोबत गेले. दारात काकांनी डबा घेतला, आम्हाला बसवलं, टीव्हीचा आवाज कमी केला. दोघं अर्धा तास मूत्रपिंडाच्या डॉक्टरांबद्दल बोलले. निघताना काका आत गेले आणि डबा धुऊन, पुसून, त्यात साखर घालून घेऊन आले. रिकामा कसा देणार? डबा बाबांच्या हातात देताना म्हणाले, "रविवारी साडेआठच ना?"